माळवद, पत्रा आणि उष्णतापंप

पैठणहून गोदावरीच्या काठाने खाली आले की जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात शहागड लागते. पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू होतो. वैशाखात येथला पारा चाळिशी ओलांडतो, हे सांगायला नकोच. या मुलखावर कोणी कोणी राज्य केले, याच्या नोंदी पुष्कळ आहेत. त्या राज्यांतल्या रयतेने दुपार कशी काढली, हा प्रश्न मात्र आपल्याकडे इतिहासाचा मानलाच गेला नाही. आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो, कारण गेल्या काही दशकांत घरातला गारवा भिंतीकडून यंत्राकडे गेला, आणि हे स्थित्यंतर आपल्या डोळ्यांदेखत घडले.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे प्रथम गाथासप्तशती आठवेल. परंपरेने ती ज्या हाल सातवाहनाच्या नावावर आहे, त्याचे प्रतिष्ठान म्हणजे हेच वरच्या अंगाचे पैठण. त्या संग्रहातल्या ग्रीष्मात वाटसरू आहे, पाणपोई आहे, ओंजळीत पाणी ओतणारी तरुणी आहे. गारवा तेथे स्थळाचा गुण आहे: झाडाखाली असतो, पाण्याजवळ असतो, आणि माणूस त्याच्याकडे चालत जातो. तो निर्माण करून घरात आणण्याची कल्पना दरबारी. अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याने पाणी थंड करीत आणि वाळ्याच्या ताट्या भिजवून खोल्या गार ठेवीत, याचे वर्णन ‘आईन-ए-अकबरी’त आहे. औरंगाबादेच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पाणचक्कीत तर हौदाचा तळच खालच्या दालनाचे छत झाला आहे. डोक्यावर पाणी खेळवून उन्हाळा अडवण्याची ती युक्ती आजही पाहता येते.

रयतेपाशी हौद नव्हता, माती होती. मराठवाड्याचे माळवदाचे घर आम्ही लहानपणी पाहिले तेव्हा ते आम्हांस अंधारे आणि कोंदट वाटले होते. त्यातले शहाणपण पुष्कळ उशिरा कळले. दगडमातीची हात-दीड हात रुंद भिंत, सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडी फळ्या, त्यांवर पाला, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी एखादे सवणे. घर किती मोठे, हे खणांत सांगायचे. दरसाल पावसाळ्यापूर्वी वर नवी पांढरी माती पसरायची, आणि ती बहुधा गावच्या पडक्या गढीची असायची. म्हणजे जुन्या सत्तेचे अवशेष टोपल्याटोपल्यांनी रयतेच्या छपरावर जात.

या छपराची खरी कामगिरी उष्णता अडवण्याची नव्हे, तिला उशीर करण्याची. दुपारचे ऊन जाड मातीतून झिरपत आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरातली माणसे अंथरुणे घेऊन माळवदावरच निजायला गेलेली असतात. उष्णता खाली उतरते, माणूस वर चढतो! हिवाळ्यात हीच माती दिवसाची ऊब थोडीफार राखून ठेवी. बाकी घर तापवणे ही आपल्याकडची गरजच नव्हती. बंबात पाणी तापे, अंगणात शेकोटी पेटे, अंगावर गोधडी येई. आपण देह तापवला, घर कधी तापवले नाही.

येथे स्मरणरंजनात रमणे सोपे आहे, आणि म्हणूनच सावध राहायला हवे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेकडची हजारो माणसे मेली, ती मुख्यतः याच जाड भिंतींखाली आणि याच मातीच्या ओझ्याखाली. गार घर हेच घातक घर ठरले. त्यानंतर मराठवाड्यातल्या माणसाने पत्र्याखाली निजणे पसंत केले असेल, तर त्याला आधुनिकतेचा मोह म्हणणे क्रूरपणाचे होईल. पांढरी माती आणि सागवान दुर्मिळ झाले, दरसालची मजुरी परवडेना, हीही कारणे होतीच. पत्रा आला, ज्याला जमले त्याने जालन्याच्या कारखान्यांतली सळई आणून स्लॅब टाकला. पत्रा उष्णतेला क्षणाचाही उशीर करीत नाही. स्लॅब उशीर करतो, पण अपुरा. संध्याकाळी माणूस घरात असतानाच तो तापून आत ओकू लागतो.

या पोकळीत आधी कूलर आला. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, हे वाळ्याच्या ताटीचेच तत्त्व. पण त्याला पाणी लागते, आणि ज्या मराठवाड्यातल्या लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे कूलरची टाकी भरणे ही चैनच. शिवाय पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की त्याचा उपयोग सरतो.

मग वातानुकूलन यंत्र, म्हणजेच उष्णतापंप. पाणी आपण उताराविरुद्ध वर चढवतो, तशी हे यंत्र उष्णता गार जागेतून तापल्या जागेकडे ढकलते. ते उष्णता निर्माण करीत नाही, नुसती हलवते. म्हणून एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता वाहून नेऊ शकते, आणि दिशा उलटवली तर तेच यंत्र खोली तापवते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी इमारती तापवण्या-थंडावण्याची ही कल्पना 1852 मध्येच मांडली होती. झुरिकचे नगरगृह 1938 मध्ये नदीच्या पाण्यातली उष्णता उपसून तापवले गेले. आपल्याकडे ऊर्जाबचतीचे तारांकन 2006 मध्ये आले, आणि ग्राहक तारे मोजू लागला.

पण तारे यंत्राला मिळतात, छपराला नाही. पत्र्याखालच्या खोलीत पाच ताऱ्यांचे यंत्रही दिवसभर तीच उष्णता उपसत राहते जी छप्पर अखंड आत सोडते, आणि उपसलेली उष्णता पडते शेजाऱ्याच्या बोळात, जेथे दुसरे कोणी निजलेले असते. माळवद उष्णतेला काळात ढकलीत होते; हे यंत्र तिला जागेत ढकलते.

विजेचेही तसेच. शहागडवरून पुढे गेलेल्या गोदावरीवर खडका बंधारा आहे. तेथून परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी जाई. 2013च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावे लागले. कूलर पाणी उघड पितो, कोळशाच्या विजेवरचा पंप ते दूरवर कोठेतरी पितो, एवढाच फरक. त्या वर्षीही वैशाखात शहागडच्या पुलाखाली वाळू तापत होती, आणि ज्यांच्या घरांवर अजून माळवद होते ते रात्री वर निजत होते.