फुरसतीचा खेळ आणि घड्याळाचा कांटा

स्नूकर हें फुरसतीचें अपत्य. १८७५ सालीं जबलपूरच्या छावणींत, पावसाळ्याचे रिकामे दिवस कंठणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांत हा खेळ जन्मास आला, असें सांगतात. १९८७ सालीं ब्रिटनमध्यें निवडक व्यावसायिक खेळाडूंची लीग सुरू झाली. पहिलीं ४ अजिंक्यपदें स्टीव्ह डेव्हिसनें मिळविलीं. तेव्हां खेळाडू मेजाभोंवतीं फिरे, पुढचे फटके मनांत योजी, मगच काठी उचली. २००५ सालीं त्या लीगनें प्रत्येक फटक्यास २५ सेकंदांची मुदत घातली. शीघ्र हाताच्या रॉनी ओसलिव्हनला ती मानवली. एकूण १० वेळां त्यानें ही लीग जिंकली. २०१२ च्या हंगामानंतर ती बंद पडली. घड्याळानें खेळास रंग चढतो, हें आम्ही नाकारीत नाहीं; परंतु २५ सेकंदांत अचूक चालणारा हात घडावयास कित्येक वर्षांची फुरसतच लागते, हें विसरतां कामा नये.