कांदळवन-कर्बमापन (रायगड किनारा)

खाडीकाठच्या झाडांत व चिखलात साठलेला आणि तेथून हवेत जाणारा कर्ब विमाने, उपग्रह व प्रत्यक्ष नमुने यांच्या साहाय्याने मोजण्याच्या पद्धतीला कांदळवन-कर्बमापन म्हणतात. किनारी परिसंस्थांतील अशा साठ्याला ‘निळा कर्ब’ हे नाव संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००९ मधील अहवालामुळे रूढ झाले. रायगडात धरमतर, रेवदंडा, राजपुरी व बाणकोट या खाड्यांच्या काठी तिवर, चिप्पी, कांदळ, काजळा यांची वने असून भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात राज्यातील कांदळवनांचे क्षेत्र ३२४ चौ. किमी. दिले आहे.

पाने लाल प्रकाश शोषतात आणि अवरक्त प्रकाश परावर्तित करतात, या भेदावर हवाई मापन उभे आहे. इस्रो व नासा यांच्या २०१५-१६ च्या संयुक्त मोहिमेत भारतातील निवडक ठिकाणांवर उडालेल्या विमानातील वर्णपटमापक सु. ३८० ते २५१० नॅनोमीटर हा पट्टा सव्वाचारशे अरुंद भागांत टिपत असे. इतक्या बारकाव्यामुळे झाडांच्या जातीही वेगळ्या काढता येण्याची शक्यता निर्माण होते. तथापि उधाणाच्या भरतीला मुळांभोवती चढलेले पाणी अवरक्त प्रकाश गिळते आणि दाट वनही विरळ दिसते, म्हणून चित्र केव्हाचे हे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावे लागते. पावसाळ्यातील ढगांवर मात्र रडारचाच उपाय चालतो; ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेल्या निसार उपग्रहाच्या लांब लहरी ढग भेदून फांद्या-खोडांपर्यंत पोहोचतात.

चिखलातील काम याहून कष्टाचे आणि, खरे तर, अधिक निर्णायक आहे. खोडाचा छातीच्या उंचीवरील व्यास (सेंमी.) व लाकडाची घनता (ग्रॅ. प्रति घन सेंमी.) कोमियामा यांच्या सूत्रात, म्हणजे ०.२५१ × घनता × व्यासाचा २.४६ वा घात यात, घालून जमिनीवरील शुष्कभार किलोग्रॅममध्ये काढतात. परंतु तिवर बुंध्यापासूनच फाटे फोडत असल्याने कोणता फाटा मोजावा, येथपासून अडचण सुरू होते. बहुतांश कर्ब झाडात नसून त्याखालच्या, प्राणवायूअभावी मंद कुजणाऱ्या गाळात असतो आणि तो विमानातून दिसत नाही. त्यासाठी ओहोटीच्या मोजक्या तासांत नळी खुपसून मीटरभर वा अधिक खोल गाभा काढावा लागतो व त्याचे तुकडे वाळवून घनता आणि सेंद्रिय अंश तपासावा लागतो.

हवेकडे जाणाऱ्या वायूंचा हिशेब ऋतूनुसार बदलतो. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटावर जगणारे जीवाणू मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना अन्न मिळू देत नाहीत. पावसाळ्यात अंबा, कुंडलिका व सावित्री यांचे गोडे पाणी खाड्यांत शिरून खारेपणा उतरला, की हा अटकाव सैल होतो. म्हणून केवळ कोरड्या ऋतूतील नमुन्यांवरून वर्षाचा आकडा काढणे धोक्याचे ठरते.

रायगडात याखेरीज एक खास गुंता आहे. खारबंदिस्ती फुटून भरतीचे पाणी भातखाचरांत शिरले, की काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात; वरून हे कोवळे वन जुन्या वनासारखेच हिरवे दिसते, पण त्याखालच्या मातीत शेकडो वर्षांचा गाळ नसून काल-परवापर्यंत नांगरलेले शेत असते. नकाशावर अशी जागा कांदळवनाची वाढ म्हणून मोजली जात असताना शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर ती भातजमीनच राहू शकते.