भारोत्तोलन प्रशिक्षण

भारोत्तोलन प्रशिक्षण : वजन उचलण्याच्या स्पर्धेसाठी आवश्यक असलेले बल व तंत्र यांची क्रमशः वाढ करण्याची पद्धती. भार हळूहळू वाढवीत जाणे, हे तिचे मूलतत्त्व होय. प्राचीन ग्रीक मल्ल मायलो हा एक वासरू रोज उचलीत असे व वासराबरोबर त्याचे बलही वाढत गेले, ही दंतकथा याच तत्त्वाची द्योतक आहे.

महाराष्ट्रात बलसंवर्धनाची परंपरा प्रामुख्याने तालमींतून जोपासली गेली. जोर व बैठका यांच्या जोडीला करेला, मुद्‌गल व गदा फिरविण्याचे प्रकार रूढ होते. खेडोपाडी दगडी गोटी उचलणे हे बलाचे माप समजले जाई. द. चिं. मजुमदार यांनी संपादिलेल्या दहा खंडी व्यायाम ज्ञानकोशात अशा देशी व्यायामप्रकारांची विस्तृत नोंद आहे. तथापि या साधनांचे वजन ठरीव असल्याने ते थोडेथोडे वाढविता येत नसे. म्हणून व्यायामाची वाढ मुख्यत्वे आवर्तनांच्या संख्येने होई. त्यामुळे दमसास व चिवटपणा वाढे. एकाच क्षणी कमाल बल लावण्याचा सराव मात्र त्या मानाने कमी घडे. दोन्ही टोकांना चकत्या बसविता येणाऱ्या लोखंडी दांड्यामुळे ही अडचण दूर झाली.

अथेन्स येथील १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत एका हाताने व दोन हातांनी वजन उचलण्याच्या स्पर्धा झाल्या. १९२८ पासून प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोन हातांचे तीन प्रकार रूढ झाले. प्रेसमध्ये पाठ मागे किती झुकली, याचा निर्णय देणे पंचांना कठीण होऊ लागल्याने १९७२ नंतर तो प्रकार वगळण्यात आला. परिणामी निव्वळ बाहुबलापेक्षा वेग, लवचिकपणा व तोल यांचे महत्त्व वाढले. स्त्रियांच्या स्पर्धांचा ऑलिंपिकमध्ये समावेश २००० साली सिडनी येथे झाला.

स्नॅचमध्ये दांडा एकाच ओघात डोक्यावर न्यावा लागतो. क्लीन अँड जर्कमध्ये तो प्रथम खांद्यांवर व मग डोक्यावर नेतात. दोहोंतही खेळाडू दांडा पुरेसा वर ओढून चपळाईने त्याखाली बसतो. म्हणून नवशिक्याला प्रथम हलक्या दांड्याने पकड, पाठीचा ताठपणा व दांडा शरीराजवळ ठेवण्याची रीत शिकवितात. तंत्र अंगवळणी पडल्यावर खांद्यावर भार घेऊन बैठका मारणे, दांडा ओढणे इ. व्यायामांनी बल वाढविले जाते. विश्रांतीचे दिवसही प्रशिक्षणाचाच भाग होत.

महाराष्ट्रातील खेळाडूंनी या क्षेत्रात उल्लेखनीय यश मिळविले आहे. वडगाव मावळच्या हर्षदा गरुड हिने २०२२ च्या जागतिक कुमार स्पर्धेत ४५ किग्रॅ. गटात एकूण १५३ किग्रॅ. वजन उचलून सुवर्णपदक पटकाविले; या स्पर्धेत ते मिळविणारी ती पहिली भारतीय होय. त्याच वर्षी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किग्रॅ. गटात एकूण २४८ किग्रॅ. वजन उचलले. १३९ किग्रॅ. उचलताना त्याच्या कोपरास इजा झाली. तशाही स्थितीत त्याने अखेरचा प्रयत्न केला, परंतु तो असफल ठरला. केवळ एका किलोग्रॅमने सुवर्णपदक हुकून तो रौप्यपदकाचा मानकरी ठरला.