पुस्तकातला ठिपक्यांचा चौकोन

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो ना, क्यूआर कोड, त्याची आज गोष्ट.

सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडी. २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले, तेव्हा शाळेला खेटून गोठा होता. त्यांनी पुस्तकांवर हे कोड लावले. फोन धरला की चित्रफीत दिसते, प्रश्न सोडवता येतात. २०१७ मध्ये सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत कोड आणायचं ठरवलं. २०२० मध्ये गुरुजींना १० लाख डॉलरचं जागतिक बक्षीस मिळालं, त्यातलं अर्धं त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटलं. एवढं मोठं मन!

त्याच वर्षी शाळा बंद होत्या. आमच्या टेमघरात घरटी फोन एकच. लूम सुरू झाले की तो घरधन्याबरोबर जायचा. संध्याकाळी आधी मुलाच्या हातात. सातवीतल्या पोरीला भांडी घासून झाल्यावर मिळायचा, तेव्हा चार्जिंग संपलेलं. कोड पुस्तकातच राहिला. चूक आमचीही होती, आम्हीच तिला भांड्यांना बसवलं.

आता गटाच्या बैठकीला पोरी पुस्तकं घेऊन येतात. बचतीचा हिशेब होईपर्यंत आमचे फोन त्यांच्याकडे. परवा हृदयातून रक्त कसं फिरतं ते त्यांनी आम्हालाच दाखवलं. हिशेब तसाच राहिला.