पेण-रोह्याची न्यायालये आणि मुक्तस्रोत डेटाबेसची क्षमता

मुक्तस्रोत डेटाबेस कामाचा भार पेलू शकेल काय, हा प्रश्न बहुधा कालनिरपेक्ष समजून विचारला जातो. वस्तुतः भार कोणता आणि प्रश्न कोणत्या वर्षीचा, हे ठरल्यावाचून त्यास उत्तर नाही. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा येथील तालुका न्यायालये या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहेत.

ई-न्यायालय प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ साली सुरू झाला. २०१५ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात मुक्तस्रोत प्रणालींचाच अंगीकार करण्यात आला, आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने सिद्ध केलेली खटल्यांची माहितीप्रणाली पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसवर उभी राहिली. बर्कले येथे मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ साली आरंभलेल्या संशोधनातून निघालेल्या या डेटाबेसला आजचे नाव १९९६ मध्ये मिळाले. त्या काळी एकजण नोंद करीत असता संपूर्ण कोष्टक अडून राही. १९९९ मध्ये नोंदीच्या अनेक आवृत्त्या राखण्याची पद्धत आली व वाचणाऱ्याचा खोळंबा टळला. २००१ मध्ये प्रत्येक बदल आधी रोजनाम्यात टिपून मगच कायम करण्याची व्यवस्था झाली. २०१० मध्ये एका सर्व्हरवरील बदल दुसऱ्याकडे अखंड पाठविण्याची सोय झाली.

तालुका न्यायालयाची गरज नेमकी हीच होय. सकाळी वकील व पक्षकार बोर्ड पाहत असतात, त्याच वेळी लिपिक नवे दावे नोंदवीत असतो आणि पुढील तारखाही पडत असतात. वापरणारे थोडे, परंतु वाचन व लेखन एकाच वेळी चालते, आणि पावसाळ्यात वीज गेली तरी दिलेली तारीख पुसली जाता कामा नये. अशा ठिकाणी प्रतिसेकंद व्यवहारांच्या विक्रमी आकड्यापेक्षा खोळंबा न होणे व नोंद न हरवणे यांना अधिक मोल आहे. १९९६ साली या कसोटीस न उतरणारा डेटाबेस २०१५ साली तीस उतरला, तो या सुधारणांमुळे.

मात्र यावरून सर्वत्र लागू पडणारा सिद्धांत काढणे योग्य नव्हे. देशभरातील कोट्यवधी खटल्यांच्या एकत्रित शोधाचा भार निराळा असून त्याची परीक्षाही निराळीच घ्यावी लागते. परवाना विनामूल्य असणे हे जसे दौर्बल्याचे लक्षण नव्हे, तसे ते सामर्थ्याचे प्रमाणही नव्हे. ते प्रमाण प्रत्यक्ष कामाच्या मोजमापातूनच मिळते.