खेळाचें यंत्र आणि खेळाचा कर्ता

कलेच्या इतिहासांत साधनाचा विचार नेहमीं मागाहून होतो. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल आहे. तेथील शिल्पें पाहून रसिक प्रसन्न होतो. पण त्या काळ्या, कठीण पाषाणानें कारागिराला काय करूं दिलें आणि काय करूं दिलें नाहीं, हा प्रश्न त्याच्या मनांत क्वचितच येतो. माळव्याशीं जिचें नातें सांगतात ती भूमिज शैली कोंकणच्या दगडांत उतरवावयाची, म्हणजे साधनाशीं तडजोड आलीच. हाच प्रश्न आज व्हिडिओ गेमच्या कलेपुढें उभा आहे. आमचीं मुलें ज्या खेळांत रमतात ते कोणत्या यंत्रासाठीं रचले जातात, आणि कां?

लोकांची समजूत अशी कीं, ज्याचें यंत्र बलवान् त्याच्याकडे खेळकर्ते धांव घेतात. इतिहास मात्र याहून निराळें सांगतो. ‘फायनल फँटसी’ या जपानी खेळमालेचे पहिले सहा मुख्य भाग १९८७ ते १९९४ या काळांत निंटेंडोच्या यंत्रांवर निघाले. १९९६ सालीं निंटेंडोनें ६४ बिटांचें नवें यंत्र आणलें. सोनीचें प्लेस्टेशन ३२ बिटांचें. गणनेच्या वेगांत निंटेंडो सरस होता. परंतु त्याचे खेळ महागड्या कार्ट्रिजवर येत, आणि त्यांची क्षमता ६४ मेगाबाइटच्या पुढें कधीं गेली नाहीं. सोनीच्या स्वस्त तबकडीवर सुमारें ६५० मेगाबाइट मावत. १९९७ सालीं या मालेचा सातवा भाग प्लेस्टेशनवर, तीन तबकड्यांत, प्रसिद्ध झाला. कर्त्याला वेगापेक्षां ऐसपैस जागा हवी होती.

पुढें सोनीलाही हाच धडा शिकावा लागला. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मधील ‘सेल’ हा गणक एका मुख्य केंद्राभोंवतीं अनेक साहाय्यक केंद्रें जोडून घडविला होता. सामर्थ्य विपुल, पण तें कामास जुंपण्याची रीत इतकी अवघड कीं, दोन यंत्रांसाठीं निघालेला खेळ पुष्कळदां प्रतिस्पर्धी एक्सबॉक्स ३६० वरच अधिक सफाईदार चाले. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्यें सोनीनें तो हट्ट सोडला आणि साध्या संगणकाच्या जातीचाच गणक घातला.

मग सामर्थ्याला कांहींच किंमत नाहीं काय? तसेंही नव्हे. २००६ सालचें निंटेंडोचें ‘वी’ हें यंत्र दुर्बळ असूनही दहा कोटींहून अधिक खपलें. तथापि २००८ चा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ यासारखे प्रचंड खेळ त्यावर आलेच नाहींत. भांडें लहान असलें कीं मोठा स्वयंपाक त्यांत शिजत नाहीं.

आतां आपल्या प्रांतांतील उदाहरण घेऊं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेनें ‘राजी’ हा खेळ रचला. राक्षसांनीं पळविलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती कथा. राजस्थानी वास्तूंची व पहाडी चित्रकलेची छाया तींत आहे. लोकवर्गणीचा प्रयत्न अपुरा पडला, तरी काम थांबलें नाहीं. हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजीं प्रथम निंटेंडो स्विचवर आला; प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणक यांवर १५ ऑक्टोबरला. स्विचची स्मृति ४ गिगाबाइट, प्लेस्टेशन ४ ची ८. म्हणजे पहिला मान दुबळ्या यंत्राला मिळाला. ‘अनरियल’सारख्या तयार चौकटीमुळें एकच खेळ अनेक यंत्रांवर नेतां येतो हें खरें, पण प्रत्येक यंत्राच्या मापानें तो पुन्हां बेतावा लागतोच, आणि ते श्रम थोडक्या हातांनाच उपसावे लागतात.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, खेळकर्ता यंत्राजवळ तीन गोष्टी मागतो: कल्पनेला पुरेशी जागा, हाताला वळेल अशी रीत, आणि पलीकडे खेळणारा माणूस. बळ हें या तिहींचें साहाय्यक आहे, धनी नव्हे. अंबरनाथ-बदलापूरकडील एखादा मुलगा वा मुलगी या कलेंत शिरूं म्हणेल, तेव्हां वडील माणसांनीं महागड्या यंत्राच्या किंमतीनें दचकूं नये. अपत्याजवळ सांगण्यासारखें कांहीं आहे काय, एवढें आधीं विचारावें. यंत्र दहा वर्षांत जुनें होतें. चांगली गोष्ट एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊन टिकून राहते.