नदीच्या पोटातले तांबे

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी तांब्याचा बंब चिंचेने घासणे हे लहानपणी माझे काम असे. तांबे म्हणजे मंगल, हा संस्कार तेव्हापासूनचा. तेच तांबे नदीत गेले की माशाला काय होते, हे मात्र पुष्कळ वर्षांनी कळले.

बारामतीहून येणारी कऱ्हा सोनगावापाशी नीरेस मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेस. या भीमेच्या खोऱ्यातल्या माशांवर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली लिहिले. गंमत अशी, की शास्त्रीय नावे देताना त्याने स्थानिक लोकांचीच नावे घेतली: खुद्री, कोलुस, नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुक्ता. आपली बोली अशी लॅटिनच्या पंगतीला बसली.

पुढे १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला व बारामतीच्या माळावर ऊस आला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुण्याभोवती कारखाने वाढले. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूरची उत्तर सीमा जलाशय बनली. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून येथेच येते.

शेण, पालापाचोळा नदी पचवते. धातू कुजत नाही. शिसे, कॅडमियम, क्रोमियम संथ पाण्यात गाळाशी बसतात. तळाचा प्राणवायू घटला की त्यांतले काही पुन्हा पाण्यात सुटतात. गाळातल्या अळ्या-गोगलगाई तो गाळ खातात, मासा त्यांना खातो. कॅडमियम कल्ल्यांतून कॅल्शियमच्या वाटेने शिरते आणि कॅल्शियमचीच वाट अडवते. तांबे अल्प प्रमाणात शरीराला हवेच. पण थोडे वाढले, की माशाचे घ्राणेंद्रिय बोथट होते व शत्रूची चाहूल त्याला लागत नाही. धातूंचा साठा यकृतात व मूत्रपिंडांत अधिक, मांसात सहसा कमी. मासा लगेच मरत नाही, खंगत जातो. म्हणूनच कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पारा मात्र मांसातही साठतो. जपानात मिनामाता येथे माशांतला पारा माणसांना भोवला, तो आजार १९५६ साली उघड झाला. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये केला.

गेल्या हिवाळ्यात भिगवणला एका वृद्ध मच्छीमाराला मी साइक्सची नावे वाचून दाखवली.

"मामा, यांतलं काय सापडतं हल्ली?"

त्यांनी दोन नावे ओळखली, बाकीच्यांना मान हलवली. "आता जाळ्यात चिलापीच जास्त, बाबा."

सारा दोष धातूंच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. धरण, परका मासा, बेसुमार मासेमारी यांचाही त्यात वाटा आहे. पण धरण दिसते, जाळे दिसते. गाळातला धातू दिसत नाही. तो मोजावाच लागतो, आणि नदीत पोचण्याआधी कारखान्याच्या दाराशीच अडवावा लागतो.

यंदाही बंब घासताना त्यात तोंड दिसेल. तेव्हा मला नुक्ता आठवेल. त्याचे नाव आपण जगाला दिले. ते आपल्याच नदीत ऐकू येत राहावे, एवढीच इच्छा.